न खोडलेला एक : संगणकाच्या गाभ्यांतील एका दुरुस्तीची हकीकत

लहान मुलांस वजाबाकी शिकवितांना घरोघर एक प्रसंग हटकून घडतो. एक हजारांतून पंधरा वजा करावयाचे असतात. मूल डावीकडून उसना घेतें, एकक, दशक व शतक ह्या तिन्ही घरांत 985 हें उत्तर बिनचूक मांडतें. पण ज्या हजारांतून उसना घेतला तो डावीकडील एक खोडावयास विसरतें. उत्तर येतें 1985. वजाबाकी केली आणि रक्कम जवळजवळ दुप्पट झाली! आजोबा हंसतात, पाटीवरील तो एक बोटानें पुसतात आणि पुढचें उदाहरण घालतात. चूक तेथेंच संपते, कारण पाटी घरांतली असते आणि ती एकच असते.

नेमकी हीच चूक मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज ह्या जगभर पसरलेल्या व्यवस्थेच्या गाभ्यांत वर्षानुवर्षें राहून गेली होती. 2017 सालीं तिच्यामुळें इंग्लंडांतील रुग्णालयांत शस्त्रक्रिया खोळंबल्या, आणि पुढल्याच महिन्यांत आमच्या मुंबईसमोरील न्हावाशेवा बंदरांत मालाच्या पेट्या अडकून पडल्या. विशेष हें कीं, दोन्ही प्रसंगांच्या आधींच तो एक पुसून झाला होता! ही चूक काय होती, ती कशी सुधारली, आणि सुधारल्यावरही अनर्थ कां टळला नाहीं, हें वाचकांस समजावून देण्याचा ह्या लेखांत आमचा उद्देश आहे. विषय यंत्राचा असला तरी वाण्याचें बिल पडताळून पाहतां येणाऱ्या कोणासही तो समजेल, असा आम्हांस भरंवसा आहे.

संगणक म्हणजे एक यंत्र आणि त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम, एवढेंच आपण बहुधा जाणतों. ह्या दोहोंच्या मध्यें एक तिसरी व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि तिच्याही अगदीं आंतल्या भागास कर्नेल, म्हणजे गाभा, असें नांव आहे. मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्या घरांतील वडील बाईंच्या कमरेला असत. ज्याला जें हवें असेल तें त्यानें त्यांच्यापाशीं मागावें, त्यांनीं मोजून द्यावें, आणि एकाचें सामान दुसऱ्याच्या हातीं जाऊं देऊं नये, अशी रीत असे. कर्नेलचें काम ह्याच जातीचें आहे. कोणत्या कार्यक्रमास मेमरींतील किती जागा द्यावयाची, कोणाचा कागद कोणास दाखवावयाचा, बाहेरून तारेवरून आलेला निरोप आंत घ्यावयाचा कीं नाहीं, हें सर्व कर्नेल ठरवितें. म्हणून इतर कार्यक्रमांत चूक झाली तर एखादा कागद बिघडतो. कर्नेलांत चूक झाली तर किल्ल्यांचा जुडगाच परक्याच्या हातीं जातो.

आतां मेमरी म्हणजे काय, तें पाहूं. ओळीनें मांडलेले असंख्य लहान कप्पे, अशी तिची कल्पना करावी. एका कप्प्यास बाइट म्हणतात. एखाद्या कार्यक्रमानें शंभर कप्पे मागून घेतले असतील तर त्यानें शंभरांतच लिहिलें पाहिजे. एकशें एकावा कप्पा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. परंतु बहुतेक कर्नेलें ज्या सी भाषेंत लिहिलीं गेलीं, त्या भाषेचा स्वभाव असा कीं, ती लिहिणाऱ्याचा हात कधीं धरीत नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं 1970 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ती घडविली. वेग आणि काटकसर हे तिचे गुण. लिहिणारा मर्यादा पाळील हा तिचा विश्वास. शंभर कप्पे घेऊन एकशेंपन्नास भरले तरी ती निमूटपणें लिहीत जाते. शेजाऱ्याच्या कप्प्यांतील मजकूर त्याखालीं पुसला जातो, आणि तेथें जर कर्नेलच्या पुढल्या कामाचा आदेश लिहिलेला असेल तर त्या जागीं नवा आदेश बसतो. चोरट्यांस हवें असतें तें हेंच.

ज्या चुकीची ही हकीकत आहे ती विंडोजच्या अशा एका भागांत होती, ज्याच्यायोगें एका संगणकावरील कागदपत्रें तारेवरून दुसऱ्या संगणकास वापरतां येतात. ह्या देवघेवीच्या भाषेस एस्.एम्.बी. म्हणतात. तिची पहिली आवृत्ति 1980 नंतरच्या दशकांतली, म्हणजे संगणकांच्या मानानें फारच वृद्ध. त्याच दशकांत, 1987 सालीं, आय.बी.एम. व मायक्रोसॉफ्ट ह्या दोन कंपन्यांनीं मिळून ओ.एस्. टू नांवाची एक व्यवस्था बाजारांत आणिली होती. ती मागें पडली, विंडोज पुढें आली. परंतु जुन्या व्यवस्थेच्या रीतीनें लिहिलेले निरोप आले तर तेही समजावेत, म्हणून विंडोजच्या गाभ्यांत एक दार ठेवून दिलें होतें. 2006 च्या अखेरीस आय.बी.एम.नें ओ.एस्. टूचा सांभाळ करणें सोडलें. पाहुणा येईनासा झाला, पण त्याच्यासाठीं ठेवलेलें मागचें दार कोणी लावून घेतलें नाहीं. आमच्या जुन्या वाड्यांतूनही अशीं दारें असतात. तीं कोणाकरितां पाडलीं हें घरांत कोणास आठवत नाहीं, आणि म्हणूनच तीं बुजवावयाचेंही कोणाच्या मनांत येत नाहीं.

ह्या दारानें येणाऱ्या निरोपांत फाइलीसोबतच्या टिपांची एक यादी असते. यादीच्या माथ्यावर तिची एकंदर लांबी लिहिलेली असते. कर्नेल ती यादी नव्या रीतीनें लिहून घेतें. त्यासाठीं आधीं जागा किती लागेल याचा हिशेब करतें, आणि एखादी टीप सदोष आढळली तर यादी तेथेंच तोडून माथ्यावरची लांबी कमी करून लिहितें. लांबीचा आंकडा चार बाइटांचा. त्यांतील उजव्या दोन बाइटांत 65535 पर्यंतची संख्या मावते. त्यापुढें एक झाला कीं तो डावीकडील दोन बाइटांत जातो, जसा नऊशें नव्याण्णवांवर एक वाढल्यास हजाराच्या घरांत एक येतो.

चोरट्यांनीं मुद्दाम 65536 लांबीची यादी पाठविली. डावीकडे एक, उजवीकडे शून्य. कर्नेलनें टिपा तपासल्या, सदोष टीप वगळली, आणि 65373 ही बरोबर लांबी काढली. मात्र ती लिहितांना चार बाइटांऐवजीं उजव्या दोनच बाइटांत लिहिली. डावीकडचा एक तसाच राहिला! आंकडा झाला 65536 अधिक 65373, म्हणजे 130909. कमी करावयास गेलेली लांबी दुप्पट झाली. जागा घेतली होती ती लहान यादीच्या हिशेबानें; नकल होऊं लागली ती मोठ्या आंकड्याच्या हुकुमानें. घेतलेले कप्पे भरले आणि लेखणी शेजारच्या कप्प्यांत शिरली. वास्तविक अशा जातीच्या निरोपास 65535 पेक्षां मोठी यादी आणतांच येऊं नये. पण एका जातीचा म्हणून सुरू केलेला निरोप दुसऱ्या जातीचा म्हणून पुरा करतां येत होता, अशी आणखी एक ढिलाई शेजारींच होती. तिच्या वाटेनें मोठी यादी आंत आली. दोन लहान चुका एकमेकींस भेटल्या, आणि नांव किंवा संकेतशब्द न सांगतां दूरच्या माणसास कर्नेलच्या किल्ल्या मिळाल्या.

दुरुस्ती काय करावयाची होती? आजोबांनीं पाटीवर केली तीच. लांबी लिहितांना दोन बाइट नव्हे, चारही बाइट लिहावेत, म्हणजे डावीकडील एक आपोआप पुसला जातो. चुकीचा गाभा एवढाच. कुशल माणसास दाखवून दिल्यावर तो सुधारावयास फार वेळ लागणारा नव्हता. खरी गोष्ट ही कीं, ती दाखवून देण्यांतच वर्षें गेलीं. मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनीं पुढें जाहीरपणें सांगितलें त्याप्रमाणें, ही वाट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेल्या साधनांपैकीं होती. म्हणजे ती सांपडली होती सरकारच्या हेरखात्यास, आणि त्यानें शत्रूच्या घरांत शिरण्यास उपयोगी म्हणून ती आपल्यापाशींच ठेविली होती. शेजारच्या घराची कडी मोडकी आहे हें पोलिसानें पाहावें आणि घरधन्यास सांगण्याऐवजीं आपल्या वहींत टिपून ठेवावें, तसा हा प्रकार. पोलिसाची वहीच चोरीस गेली तेव्हां त्या मौनाची किंमत कळली.

मायक्रोसॉफ्ट आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं प्रसिद्ध करते. इंग्रजींत त्यांस पॅच म्हणतात. आमच्या भाषेंत सरळ ठिगळ म्हणावें. 2017 च्या फेब्रुवारीची ठिगळें कंपनीनें ऐनवेळीं एक महिना पुढें ढकललीं. 14 मार्च 2017 रोजीं एमएस17-010 ह्या क्रमांकाचें ठिगळ बाहेर पडलें, आणि त्यांत ही चूक सुधारलेली होती. बरोबर एक महिन्यानें, 14 एप्रिल रोजीं, स्वतःस शॅडो ब्रोकर्स म्हणविणाऱ्या कोणा टोळीनें तीं चोरलेलीं साधनें जगापुढें उघडीं टाकलीं. तेव्हांपासून ठिगळ आणि शस्त्र हीं दोन्हीं चव्हाट्यावर होतीं. आधीं कोण उचलतो एवढाच प्रश्न राहिला होता.

12 मे 2017, शुक्रवार. वॉनाक्राय नांवाचा एक उपद्रवी कार्यक्रम ह्या वाटेनें संगणकांत शिरूं लागला. एका यंत्रांत शिरला कीं तो तेथील सर्व कागदपत्रें कुलूपबंद करी, तीनशें डॉलरची खंडणी मागणारी पाटी पडद्यावर लावी, आणि शेजारचीं यंत्रें आपण होऊन धुंडाळी. कोणीं कांहीं उघडावें किंवा दाबावें लागत नसे. थोड्याच दिवसांत सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रें त्याच्या तावडींत सांपडलीं. आमच्याकडे आंध्र प्रदेशांतील कांहीं पोलीस ठाण्यांचे संगणकही त्यांत होते.

सर्वांत मोठा घाव बसला तो इंग्लंडच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेवर. तेथील 236 रुग्णालयसंस्थांपैकीं सुमारें एक तृतीयांश संस्थांच्या कामांत व्यत्यय आला. लंडनच्या बार्ट्स रुग्णालयसमूहास रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. डॉक्टरांस रोग्याचे पूर्वीचे कागद दिसेनात, तपासण्यांचे निकाल हातानें लिहून पोंचवावे लागले, आणि सरकारी हिशेबतपासनिसांच्या अहवालांत दिलेल्या अंदाजाप्रमाणें एकोणीस हजारांहून अधिक भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. कोणा रोग्यास ह्यामुळें अपाय झाल्याची नोंद चौकशींत मिळाली नाहीं, ही परमेश्वराची कृपाच म्हणावयाची. परंतु शस्त्रक्रियेसाठीं उपाशीपोटीं येऊन बसलेल्या माणसास परत पाठविणें म्हणजे काय, हें ज्यांनीं आपल्या घरच्या माणसासाठीं रुग्णालयाच्या बांकावर वाट पाहिली आहे त्यांस सांगावयास नको.

त्याच दिवशीं इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांतील मार्कस हचिन्स नांवाच्या 22 वर्षांच्या तरुणानें ह्या कार्यक्रमाची तपासणी करतांना एक गोष्ट पाहिली. काम सुरू करण्यापूर्वीं तो इंटरनेटवरील एका निरर्थक लांबलचक पत्त्यावर हांक मारीत असे. तो पत्ता कोणाच्याच मालकीचा नव्हता. हचिन्सनें सुमारें दहा डॉलर भरून तो आपल्या नांवें नोंदविला. आणि हांकेस उत्तर मिळूं लागतांच उपद्रव आपोआप थांबला. ही युक्ति साधेल हें त्यालाही आधीं ठाऊक नव्हतें. रोगाची सांथ ओसरली, पण रोग्यास बरें करणारें औषध तें नव्हेच. औषध दोन महिन्यांपूर्वींच तयार होऊन पडलें होतें.

मग तें कोणीं घेतलें कां नाहीं? येथें आपण जरा सावकाश चालूं. पहिला समज असा झाला कीं, रुग्णालयांतील यंत्रें फार जुनीं होतीं. ज्या विंडोज एक्सपीचा सांभाळ 2014 सालींच संपला होता तीही कांहीं ठिकाणीं होती खरी, आणि मायक्रोसॉफ्टनें अपवाद करून अनर्थानंतर तिच्यासाठींही ठिगळ दिलें. परंतु हिशेबतपासनिसांनीं ऑक्टोबर 2017 मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत निराळेंच सत्य आहे. रोग जडलेल्या यंत्रांपैकीं बहुसंख्य विंडोज 7 चीं होतीं. त्यांच्यासाठीं मार्चमध्येंच ठिगळ मिळत होतें. तें लावा, असा इशारा आरोग्यखात्याच्या संगणक विभागानें मार्च व एप्रिल महिन्यांत दिलाही होता. त्यापूर्वीं ज्या 88 संस्थांची तपासणी झाली होती, तींतून एकही उत्तीर्ण झालेली नव्हती. ह्या सर्व प्रकारानें झालेलें नुकसान पुढें 92 दशलक्ष पौंडांचें धरलें गेलें.

हें वाचून त्या कारभाऱ्यांस आळशी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण तें सर्वस्वी न्यायाचें होणार नाहीं. रुग्णालयांतील संगणकास जोडलेलें क्ष-किरणाचें यंत्र लाखों रुपयांचें असतें, आणि कर्नेलांत बदल केल्यावर तें पूर्वीप्रमाणें चालेलच अशी हमी कोण देणार? ठिगळ लावण्यासाठीं यंत्र बंद करावें लागतें. रोग्यांची रांग लागलेली असतां तें कोणत्या घटकेस बंद करावयाचें? चालू घड्याळ उघडूं नये, ही शहाण्या माणसांची जुनी समजूत आहे, आणि ती मूर्खपणाची नाहीं. चूक एवढीच झाली कीं, बदल करण्यांतील धोका डोळ्यांस दिसत होता आणि न करण्यांतील धोका दिसत नव्हता; म्हणून दुसरा धोका नाहींच असें धरून चाललें गेलें. घराच्या वाशाला वाळवी लागते तेव्हांही असेंच होतें. सुतार बोलावला तर चार दिवस घर उलथेंपालथें होणार हें दिसतें. वाळवी मात्र आंतून काम करते.

आतां न्हावाशेव्याची गोष्ट. 27 जून 2017 रोजीं नॉटपेट्या नांवाचा दुसरा उपद्रव सुटला. वॉनाक्रायनें जगास इतका धडा दिल्यावरही ती जुनी वाट पुष्कळ ठिकाणीं उघडीच होती, आणि ह्यानेंही तिचा उपयोग केला. पण ह्याच्यापाशीं आणखी एक कसब होतें. एका यंत्रांत शिरल्यावर तो त्या यंत्राच्या मेमरींत रेंगाळणारे संकेतशब्द उचली, आणि त्यांच्या जोरावर ज्यांनीं ठिगळ लावलें होतें अशा शेजारच्या यंत्रांतही समोरच्या दारानें शिरे. डेन्मार्कच्या मर्स्क ह्या जहाज कंपनीचा कारभार त्यानें ठप्प केला. जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक टर्मिनल त्याच कंपनीच्या समूहाकडे होतें; तेथील काम बंद पडलें, आणि कोपनहेगनमधील संगणकांच्या आजारामुळें रायगड जिल्ह्यांत मालमोटारी उभ्या राहिल्या. कंपनीच्या अध्यक्षांनीं पुढें सांगितलें कीं, दहा दिवसांत 4000 सर्व्हर व 45000 संगणक नव्यानें उभे करावे लागले. एकत्र राहणाऱ्यांस ह्यांतून घेण्यासारखा बोध उघड आहे. दहा खोल्यांच्या घरांत नऊ दारांस कड्या घालून दहावें उघडें ठेवल्यास नऊ कड्यांचें फळ मिळत नाहीं.

आणखी एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. हा नॉटपेट्या पहिल्यानें शिरला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका कार्यक्रमाच्या दुरुस्तीच्या वाटेनें. चोरट्यांनीं त्या कार्यक्रमाच्या ठिगळांतच विष कालविलें होतें. म्हणून ठिगळ कोण देतो हें पाहूनच तें घ्यावें. अनोळखी माणसानें आपण होऊन पाठविलेलें घेऊं नये. वैद्यांच्या नांवावर भोंदू फिरतात, एवढ्यावरून औषध सोडणें मात्र शहाणपणाचें नव्हे.

एक पुसल्यानें एक चूक गेली. पण अशा चुका होण्याची सवय कशी जावी? मायक्रोसॉफ्टच्याच जाणत्यांनीं 2019 सालीं सांगितलें कीं, त्यांच्या कंपनींत दरवर्षीं सुधाराव्या लागणाऱ्या सुरक्षिततेच्या चुकांपैकीं सुमारें सत्तर टक्के ह्याच जातीच्या, म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडण्याच्या, असतात. त्यावर दोन उपाय चालू झाले. पहिला उपाय जुनें दार बुजविण्याचा : ऑक्टोबर 2017 मध्यें निघालेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून नव्यानें मांडलेल्या यंत्रांत एस्.एम्.बी.ची ती पहिली आवृत्ति सहसा घातलीच जात नाहीं. दुसरा उपाय लिहिणाऱ्याचा हात धरणारी भाषा वापरण्याचा. रस्ट नांवाची अशी एक भाषा आहे. घेतलेल्या कप्प्यांबाहेर लिहूं लागल्यास ती तेथेंच अडविते. डिसेंबर 2022 मध्यें लिनक्स ह्या दुसऱ्या प्रसिद्ध कर्नेलच्या 6.1 ह्या आवृत्तींत तिला पहिलें स्थान मिळालें, आणि 2023 पासून विंडोजच्या कर्नेलाचेही कांहीं भाग तींत लिहिले जाऊं लागले. परंतु कोट्यवधि ओळींचें जुनें लिखाण एका पिढींत बदलत नाहीं. तोंवर चुका निघत राहणार आणि ठिगळें येत राहणार.

आणि तीं आमच्या तुमच्या घरांतही येतात. मुलाच्या अभ्यासाचा संगणक, सूनबाईंच्या कचेरीचें यंत्र, आजोबांच्या हातांतील दूरध्वनि, ह्या सर्वांच्या पडद्यावर मधूनमधून एक सूचना झळकते : दुरुस्ती तयार आहे, आतां लावावी कीं नंतर? आपण कामांत असतों; बोट 'नंतर'वर जातें. उद्यां पुन्हां सूचना, पुन्हां 'नंतर'. त्या सूचनेमागें कोठें तरी कोणी डावीकडचा एक पुसलेला असतो. पण तो पुसला त्याच्या पाटीवर, आपल्या पाटीवर तो अजून तसाच असतो. कारागिराचें काम त्यानें पुरें केलें. उरलेलें अर्धें काम घरधन्याचें आहे, आणि तें दुसरा कोणी करूं शकत नाहीं.

आमची सूचना अशी आहे. दिवाळीपूर्वीं घराची साफसफाई, पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळणें, हीं कामें कुटुंबांत कोणा एकाकडे ठरलेलीं असत, म्हणूनच तीं वेळेवर होत. त्याचप्रमाणें घरांतील सर्व यंत्रांचीं ठिगळें लावण्याचें काम घरांतील एका चुणचुणीत मुलामुलीकडे सोंपवावें, आणि महिन्यांतून एक संध्याकाळ त्यासाठीं राखून ठेवावी. महत्त्वाच्या कागदांची व छायाचित्रांची एक प्रत यंत्राबाहेर निराळी ठेवावी, म्हणजे चुकून कुलूप पडलेंच तर खंडणीचा प्रश्न उरणार नाहीं. ज्या यंत्राचा सांभाळ त्याच्या कंपनीनें सोडला असेल तें इंटरनेटास जोडूं नये. आणि मुलास ही वजाबाकी शिकवितांना, डावीकडचा एक खोडावयाचा कां, हें सांगण्यासाठीं त्या एकाची ही हकीकतही सांगावी. आमची खात्री आहे कीं तें मूल पुन्हां तो खोडावयास विसरणार नाहीं.